कामगार की कंत्राटदार? : विडी कामगारांच्या वेतनहक्काचा न्यायालयीन इतिहास (१९३६ ते १९८५)

प्रस्तावना

भारतातील कामगार चळवळीचा इतिहास बहुतांशी संप, मोर्चे, गोळीबार आणि करार यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मुंबईतील गिरणी कामगार हे या इतिहासाचे नायक ठरले. परंतु ज्या कामगारांना संप करणेही सहजासहजी शक्य नव्हते, ज्यांच्या कामाची जागा कधी कारखाना तर कधी घराचा ओटा अशी होती, त्यांनी आपल्या हक्कासाठी न्यायालयाचा जो मार्ग पत्करला, त्याची नोंद इतिहासलेखनात तुलनेने कमी झाली. विडी कामगार हा अशा कामगारवर्गाचा प्रातिनिधिक गट होय.

विडी कामगाराचा दावा बहुधा अत्यंत लहान असे. काही दिवसांच्या रजेचे वेतन, नापसंत ठरविलेल्या विड्यांची मजुरी, किमान दर आणि प्रत्यक्ष दर यांतील फरक एवढीच त्याची मागणी असे. मात्र या लहान रकमांच्या मागे एक मूलभूत प्रश्न उभा होता. विडी वळणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने ‘कामगार’ आहे काय? की ती स्वतःच्या मर्जीने काम करणारी स्वतंत्र कंत्राटदार आहे? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर वेतनाच्या दाव्याची सुनावणीच होत नसे. कमी वेतनाचा प्रश्न आणि कामगाराच्या वर्गीकरणाचा प्रश्न हे एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

प्रस्तुत निबंधात सिन्नर, नागपूर, गोंदिया व संगमनेर या महाराष्ट्रातील विडी केंद्रांतून उद्भवलेले न्यायालयीन वाद आणि त्यांना पूरक ठरलेले अन्य प्रांतांतील निर्णय यांचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेतला आहे. विवेचनाचा मुख्य आधार सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय व संबंधित अधिनियमांतील तरतुदी हा आहे.

विडी उद्योगाची रचना आणि कमी वेतनाच्या वाटा

विडी उद्योगाला यंत्रसामग्री फारशी लागत नाही. टेंभुर्णीची पाने, तंबाखू, दोरा, कात्री आणि सराईत बोटे एवढ्या भांडवलावर विडी तयार होते. त्यामुळे कारखानदाराला एका छपराखाली शेकडो कामगार ठेवण्याची गरज नसते. पाने व तंबाखू वजन करून द्यावयाची आणि सायंकाळी विड्या मोजून घ्यावयाच्या, एवढ्यावर त्याचा व्यवहार चालतो. मजुरी रोजावर नसून दर हजार विड्यांवर ठरते.

या रचनेतून तीन पद्धती निर्माण झाल्या. पहिली कारखाना पद्धती. तीत कामगार कारखानदाराच्या जागेत बसून विड्या वळतो. दुसरी सट्टेदार किंवा ठेकेदार पद्धती. तीत मधला माणूस कारखानदाराकडून कच्चा माल घेतो व आपल्या मजुरांकडून विड्या वळवून परत करतो. तिसरी घरखेप पद्धती. तीत विशेषतः स्त्रिया घरी माल नेऊन विड्या वळतात. काही ठिकाणी याही पुढे जाऊन कच्चा माल ‘विकला’ आणि तयार विड्या ‘विकत घेतल्या’ असे कागदोपत्री दाखविण्याची रीत पडली. तीत मजुरी हा शब्दच नाहीसा होई व मजूर स्त्री कागदावर व्यापारी बनत असे.

कमी वेतनाच्या वाटाही याच रचनेतून निघत. पाने कमी किंवा निकृष्ट मिळाली, तरी विड्यांची संख्या भरून द्यावी लागे आणि तुटीची पाने कामगाराला पदरच्या पैशाने आणावी लागत. दुसरी वाट ‘छाट’ या नावाने ओळखली जाई. तयार विड्यांतून नापसंत विड्या बाजूला काढावयाच्या व त्यांची मजुरी द्यावयाची नाही, असा हा प्रघात होता. नापसंती ठरविणारा मालक किंवा त्याचा माणूस असल्यामुळे छाटीचे प्रमाण सर्वस्वी त्याच्या हाती राहत असे. त्यामुळे हजारी दर वाढला, तरी हाती पडणारी मजुरी वाढेलच याची शाश्वती नव्हती.

१९३१ च्या व्हिटली आयोगाने विडी उद्योगातील बालमजुरी व कामाच्या जागांची दुरवस्था यांकडे लक्ष वेधले होते. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३७ चा अनियंत्रित कारखान्यांविषयीचा कायदा आला. परंतु कामगार कोण, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत अनिर्णितच राहिला.

दाद मागण्याची कायदेशीर साधने

वेतन प्रदान अधिनियम, १९३६ हे वेतनाची दाद मागण्याचे पहिले महत्त्वाचे साधन होय. त्याच्या कलम १५ अन्वये बेकायदा कपात किंवा विलंब झाल्यास विशेष प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येत असे. हा अर्ज कामगाराला स्वतः, वकिलामार्फत, नोंदणीकृत कामगार संघटनेच्या लेखी अधिकार दिलेल्या पदाधिकाऱ्यामार्फत किंवा निरीक्षकामार्फत करता येई. निरक्षर कामगाराच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची होती. अर्जाची मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती. १९६४ च्या दुरुस्तीने ती बारा महिने झाली.

किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत विडी कामासह तंबाखू उद्योगाचा समावेश करण्यात आला. त्यातील कलम २० अन्वये किमान दरापेक्षा कमी दिलेली रक्कम आणि त्या रकमेच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला मिळाला. कारखाने अधिनियम, १९४८ ने पगारी रजा, कामाचे तास व आरोग्यविषयक सोयी दिल्या, तर औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने सामूहिक तंट्यांसाठी न्यायाधिकरणे निर्माण केली.

साधने अशी विपुल होती, परंतु कारखाने अधिनियम व औद्योगिक विवाद अधिनियम यांचे दार ‘कामगार’ या व्याख्येतून उघडत असे. वेतन प्रदान अधिनियमाखालील दाव्यालाही जेव्हा रजेच्या हक्काचा आधार लागे, तेव्हा तोच प्रश्न आड येई. कारखानदारांच्या वकिलांनी बचावासाठी हेच दार निवडले. वेतन दिले की नाही, यावर वाद न घालता अर्जदार हा कामगारच नाही, असे त्यांनी म्हणावयास सुरुवात केली.

या बचावाला पहिले महत्त्वाचे उत्तर मिठागरांच्या संदर्भात मिळाले. धरांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य (१९५६) या प्रकरणात मीठ पिकविणारे आगरिये हे नगावर मजुरी घेत आणि मदतीला कुटुंबीय व मजूरही आणत. तरीही ते औद्योगिक विवाद अधिनियमाखाली कामगारच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. काय करावयाचे एवढेच नव्हे, तर ते कसे करावयाचे हे सांगण्याचा अधिकार मालकाला आहे काय, ही कसोटी त्या वेळी केंद्रस्थानी आली. ‘नियंत्रण व देखरेख’ या नावाने ओळखली गेलेली हीच कसोटी पुढे विडी कामगारांच्या वाट्याला आली.

नागपूर आणि सिन्नर : एकाच कसोटीचे दोन निकाल

नागपूर येथील विडी कारखान्यातील कामगारांनी पंधरा दिवसांच्या रजेच्या वेतनासाठी वेतन प्रदान प्राधिकाऱ्याकडे अर्ज केले. त्यांना कारखान्यातच काम करावे लागे व त्यांची हजेरी नोंदली जाई. कामाच्या वेळेत ते केव्हाही निघून जाऊ शकत, मात्र दुपारनंतर आल्यास त्यांना काम मिळत नसे. मजुरी नगावर होती व निकृष्ट विड्या नाकारल्या जात. हे लोक स्वतंत्र कंत्राटदार आहेत, हा मालकाचा बचाव होता. बिर्धीचंद शर्मा विरुद्ध प्रथम दिवाणी न्यायाधीश, नागपूर या प्रकरणात डिसेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. विडी वळण्याचे काम इतके साधे आहे की, त्यावर दिवसभर डोळा ठेवण्याची गरज नाही आणि दिवसअखेर विड्या नाकारण्याच्या अधिकारातूनही नियंत्रण सिद्ध होते, असा या निर्णयाचा आशय होता. नियंत्रणाचे स्वरूप कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे त्यातून मान्य झाले.

यानंतर जेमतेम एका वर्षाच्या आत सिन्नरच्या प्रकरणात याच न्यायालयाने बहुमताने उलट निष्कर्ष काढला. सिन्नर येथील एका विडी कामगाराची सेवा १९५७ मध्ये संपुष्टात आली. त्याला अर्जित रजेचे वेतन न दिल्याबद्दल कारखाने अधिनियमाखाली कारवाई झाली. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले व ऑक्टोबर १९६१ मध्ये निकाली निघाले. येथील वस्तुस्थिती थोडी निराळी होती. कामगार हवा तेव्हा येई व हवा तेव्हा जाई. दहा दिवसांपर्यंत तो न सांगताही गैरहजर राहू शकत असे. परवानगी घेतल्यास तंबाखू घरी नेऊन तेथे विड्या वळण्याची मुभा होती. किती विड्या वळाव्यात, याचे किमान बंधन नव्हते. या तपशिलांवरून मालकाचे नियंत्रण सिद्ध होत नाही व संबंधित व्यक्ती ‘कामगार’ ठरत नाही, असे बहुमताने ठरविले. ज्याच्या कामाचे ठराविक तास नाहीत, त्याच्या रजेचे वेतन मोजावयाचे तरी कसे, असाही प्रश्न या निर्णयात उपस्थित झाला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवून त्या व्यक्तीला कामगार मानले.

या दोन निर्णयांची तुलना इतिहासाच्या अभ्यासकाला बरेच काही सांगून जाते. दोन्ही ठिकाणी पाने मालकाची, तंबाखू मालकाची, दर मालकाने ठरविलेला आणि नापसंतीचा अधिकारही मालकाचाच होता. फरक होता तो केवळ वेळेच्या बंधनाचा. कामगाराला कामावर येण्या-जाण्याची जी मोकळीक होती, तीच त्याच्या हक्काच्या आड आली. नगावर मजुरी घेणाऱ्याला गैरहजेरीची किंमत स्वतःच मोजावी लागते. न वळलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत. अशा वेळी ही मोकळीक कितपत खरी होती, हा प्रश्न बहुमताच्या विवेचनात मागे पडला. शिवाय या निर्णयाचा व्यावहारिक धडा मालकवर्गाला उघड दिसण्यासारखा होता. हजेरीपुस्तक जितके सैल, तितकी जबाबदारी कमी.

गोंदियाचा ‘छाट’ वाद

वर्गीकरणाचा प्रश्न सुटला, तरी कमी वेतनाचा प्रश्न सुटतोच असे नाही, हे गोंदियाच्या प्रकरणाने दाखवून दिले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्यानंतर १९५८ मध्ये राज्य शासनाने विदर्भातील विडी उद्योगासाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली. तीत हजारी दर ठरविण्याबरोबरच छाटीसंबंधीच्या तंट्यांचे नियमन करणारे खंडही घातले होते. दर वाढवूनही छाट मोकळी सोडली, तर वाढीला अर्थ उरत नाही, हा त्यामागील विचार व्यवहाराला धरून होता.

गोंदिया येथील विडी, विडीपत्ता व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघाने या अधिसूचनेला आव्हान दिले. १९६१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने दर निश्चित करण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला, परंतु छाटीसंबंधीचे खंड ३ ते ७ अवैध ठरविले. किमान वेतन अधिनियम दर ठरविण्याचा अधिकार देतो. मालक-मजुरांमधील तंटे सोडविण्याची यंत्रणा अधिसूचनेद्वारे उभारण्याचा अधिकार तो देत नाही, असे या निर्णयाचे सूत्र होते. विधीच्या दृष्टीने हा युक्तिवाद सुसंगत होता. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, मजुरीचा दर कायद्याच्या कक्षेत राहिला आणि मजुरी कापण्याची कात्री कक्षेबाहेर गेली.

१९६१ ची अखेर ही अशा रीतीने विडी कामगारांच्या न्यायालयीन लढ्यातील सर्वांत निराशाजनक वेळ होती. सिन्नरच्या निर्णयाने त्यांचे कामगारपण आणि गोंदियाच्या निर्णयाने त्यांच्या मजुरीचे संरक्षण अनिश्चित झाले.

सट्टेदार : मधल्या माणसाचा प्रश्न

मालक व मजूर यांच्यामध्ये उभा असलेला सट्टेदार हा तिसरा अडथळा होता. चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९५८) या सागर येथील विडी कारखान्याच्या प्रकरणात सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत व त्यांनी ठेवलेले मजूर कारखानदाराचे कामगार नाहीत, असा निर्णय झाला होता. हा निर्णय न्यायमूर्ती सुब्बा राव यांनीच लिहिला होता. सिन्नरच्या प्रकरणात कामगाराच्या बाजूने भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्तींनीच सट्टेदाराच्या मजुरांना कायद्याबाहेर ठेवले होते, ही बाब लक्षणीय आहे. प्रश्न न्यायाधीशांच्या सहानुभूतीपेक्षा उपलब्ध व्याख्येच्या तोकडेपणाचा होता, असे त्यावरून दिसून येते.

१९६४ मध्ये सेलम येथील विडी कामगारांच्या प्रकरणात, म्हणजे दिवाण मोहिदीन साहेब विरुद्ध युनायटेड विडी वर्कर्स युनियन या वादात, चित्र पालटले. तथाकथित ठेकेदार हे मालकाचे हस्तक किंवा शाखा व्यवस्थापक यांपेक्षा अधिक काही नाहीत, असे मानून मजूर हे मालकाचेच कामगार ठरविण्यात आले. कराराच्या कागदाऐवजी प्रत्यक्ष व्यवहार पाहावा, हे तत्त्व येथे ठळक झाले.

महाराष्ट्रातील संघटनाही या काळात न्यायालयीन मार्गावर सक्रिय होत्या. किमान वेतनाच्या दरांसंबंधीचा भिकुसा यमासा क्षत्रिय विरुद्ध संगमनेर अकोला तालुका विडी कामगार युनियन हा वाद १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला. एका तालुका पातळीवरील संघटनेने दिल्लीपर्यंत मजल मारावी, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. १९६३ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात कारखाने अधिनियमातील कलम ८५ ची वैधता मान्य झाली. मालकाच्या ‘परवानगीने किंवा त्याच्याशी झालेल्या कराराने’ काम करणाऱ्यांनाही राज्य शासनाने अधिसूचना काढल्यास कायद्याच्या कक्षेत आणता येईल, अशी सोय त्या कलमात होती. ही शब्दयोजना पुढे निर्णायक ठरली.

१९६६ चा कायदा : व्याख्येची पुनर्रचना

विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम, १९६६ हा या सर्व न्यायालयीन अनुभवाच्या पार्श्वभूमीवर अस्तित्वात आला. मालक-मजूर संबंध सुस्पष्ट नसल्यामुळे कारखाने अधिनियम लागू करण्यात अडचणी येतात, ही कबुली या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच होती. कायद्याने ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या करताना घरी विड्या वळण्यासाठी ज्याला कच्चा माल दिला जातो, त्याचा स्पष्ट समावेश केला. मालकाने वा ठेकेदाराने कामावर ठेवलेले नसूनही त्याच्या परवानगीने किंवा कराराने काम करणारी व्यक्तीही त्यात आली. ‘मुख्य मालक’ ही संकल्पना आणून ठेकेदाराच्या आडून जबाबदारी टाळण्याची वाट अरुंद केली गेली.

सिन्नर व गोंदिया या दोन्ही पराभवांची उत्तरे या कायद्यात सापडतात. रजेचे वेतन घरखेप कामगारालाही मिळेल अशी तरतूद झाली. कच्च्या मालाचे वाटप, विड्यांची नापसंती व नापसंत विड्यांची मजुरी यांविषयीचे तंटे सोडविण्याची यंत्रणा कलम ३९ द्वारे कायद्यातच आली. जे अधिसूचनेने करता येत नव्हते, ते संसदेने केले.

मालकांनी या कायद्यालाही आव्हान दिले. मंगलोर गणेश विडी वर्क्स विरुद्ध भारत सरकार (१९७४) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा प्रामुख्याने वैध ठरविला. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधीची योजना विडी उद्योगाला लागू झाली. ती घरी काम करणाऱ्यांनाही लागू आहे काय, या प्रश्नावर पी. एम. पटेल आणि सन्स विरुद्ध भारत सरकार (१९८५) या प्रकरणात होकारार्थी उत्तर मिळाले. विडी नाकारण्याचा अधिकार हेच नियंत्रण, हा नागपूरच्या निर्णयातील विचार पंचवीस वर्षांनी घरच्या ओट्यापर्यंत पोहोचला.

कायदेशीर मदतीचे स्वरूप

या लढ्यात कामगाराला मदत कोणाची झाली? व्यावसायिक वकिलाची फी हजारी दराने मजुरी घेणाऱ्याच्या आवाक्याबाहेर होती. संघटनेचा पदाधिकारी व शासकीय निरीक्षक हेच त्याचे प्रमुख आधार होते. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ३६ ने कामगार न्यायालयात वकील देण्यावर प्रतिपक्षाच्या संमतीचे व न्यायालयाच्या परवानगीचे बंधन घातले होते. त्यामुळे अर्ज लिहिणे, साक्षी जुळविणे व बाजू मांडणे ही कामे संघटनेच्या कार्यकर्त्यांना शिकावी लागली.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ (अंमल १९९५) च्या कलम १२ ने औद्योगिक कामगारांना मोफत विधी सहाय्याचा हक्क दिला. येथेही जुनी अडचण डोकावते. कामगार म्हणून मदत मिळविण्यासाठी आधी कामगार असणे आवश्यक आहे आणि वाद तर तोच आहे. मात्र याच कलमाने स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना स्वतंत्रपणे हा हक्क दिला असल्याने घरखेप करणाऱ्या स्त्रियांना तो व्याख्येच्या वादात न अडकता मिळू शकतो. तथापि दावा उभा राहण्यासाठी पुरावा लागतो. माल दिल्या-घेतल्याची नोंद असलेले पुस्तक, ओळखपत्र व मजुरीची पावती हीच त्या पुराव्याची साधने आहेत. पुस्तक एकीच्या नावे आणि विड्या घरातील तिघींच्या, अशी स्थिती असेल तर उरलेल्या दोघी कागदावर अस्तित्वातच नसतात.

वर्तमानाशी संबंध

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अंमलात आल्या. १९३६, १९४८ व १९६६ चे उपरोक्त कायदे त्यांत विलीन झाले. वेतन संहिता, २०१९ ने वेतनाच्या दाव्याची मुदत तीन वर्षे केली आहे, ही स्वागतार्ह बाब होय. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने ‘गिग कामगार’ व ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची प्रथमच व्याख्या केली. मात्र ती करताना त्यांना पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचे मानले आहे.

मोबाईलवरील ॲपच्या आधारे घरोघरी वस्तू पोहोचविणाऱ्या तरुणाला ‘भागीदार’ म्हटले जाते. तो हवा तेव्हा काम सुरू करतो, हवा तेव्हा थांबवतो आणि मोबदला खेपेवर घेतो. सिन्नरच्या विडी कामगाराविषयी १९६१ मध्ये हेच मुद्दे मांडले गेले होते. काम दुसऱ्याने ठरविलेल्या दराने करावयाचे, प्रत दुसऱ्याने तपासावयाची आणि काम बंद करण्याची सत्ताही दुसऱ्याच्याच हाती, हे साम्य दृष्टिआड करता येत नाही.

निष्कर्ष

१. विडी उद्योगात कामगाराचे चुकीचे वर्गीकरण हे वेतन टाळण्याचे प्रमुख साधन होते. वेतनाच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादात ‘कामगार कोण’ हाच प्राथमिक मुद्दा बनला.

२. ‘नियंत्रण व देखरेख’ ही कसोटी एकच असूनही नागपूर व सिन्नर येथील निकाल परस्परविरुद्ध गेले. वेळेच्या मोकळिकीला दिलेले महत्त्व हे त्याचे कारण होते.

३. दर निश्चित करणे पुरेसे नसते. कपात व नापसंती यांचे नियमन नसेल, तर किमान वेतन कागदावरच राहते, हे गोंदियाच्या प्रकरणातून सिद्ध झाले.

४. न्यायालयात हरलेल्या दाव्यांनाही ऐतिहासिक मूल्य असते. १९६१ च्या पराभवांनी कायद्यातील ज्या उणिवा उघड केल्या, त्या भरून काढणाऱ्या तरतुदी १९६६ च्या कायद्यात आढळतात.

५. व्याख्या विस्तारली, तरी नोंद व पुरावा यांच्या अभावी हक्क बजावता येत नाही. कायदेशीर मदतीचा आरंभ न्यायालयात होत नसून तो मजुरीच्या पुस्तकातील नोंदीपासून होतो.

समारोप

सिन्नरच्या कामगाराची मागणी काही दिवसांच्या रजेच्या वेतनाची होती आणि तीही त्याला मिळाली नाही. परंतु त्या निमित्ताने जो प्रश्न न्यायालयाच्या नोंदीत आला, तो संसदेला टाळता आला नाही. कामगाराला कोणते नाव द्यावयाचे हे मालकाने ठरवावे, की त्याने केलेल्या कामाने, हा तो प्रश्न होय. विडी कामगारांच्या पिढ्यांनी त्याचे उत्तर कायद्याकडून मिळविले. नव्या रोजगारातील श्रमिकांसाठी ते पुन्हा मिळवावे लागणार आहे.